व्यंजन पांगळे नाही

मराठीचे व्याकरण १८३६ साली छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेत शिक्षक होते. तिथेच १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींच्या जोडीने त्यांनी मानवधर्मसभा काढली. रूढ समजुतीला जाब विचारायचा, हा त्या सभेचा खाक्या. तोच व्याकरणातल्या एका समजुतीला लावू: स्वर स्वतंत्र, व्यंजन परतंत्र.

पूर्वपक्ष बिनबुडाचा नाही. स्वर स्वतः शोभतात, व्यंजन त्यांच्यामागून येते, असा पतंजलीच्या महाभाष्याचा आशय. ग्रीक आणि लॅटिन वैयाकरणांनीही व्यंजनाला 'सोबत वाजणारे' असेच नाव दिले. नुसता 'क्' म्हणून पाहिला की हे पटतेही.

पण मुलांना गप्प करणारा 'श्श्' कोणत्या स्वराच्या आधाराने उभा असतो? ओठ मिटून 'म्म्' म्हणा. दम असेतो चालतो. 'क्'ची अडचण साऱ्या व्यंजनांच्या माथी का मारायची? अक्षराला बहुधा स्वर लागतो खरा, पण ते अक्षराचे लक्षण झाले, व्यंजनाचे नव्हे.

व्युत्पत्तीही परतंत्रपणाच्या बाजूने साक्ष देत नाही. 'स्वर' आला 'स्वृ', म्हणजे आवाज करणे, या धातूपासून. 'स्वतः शोभणारा' हे मागाहून जुळवलेले निर्वचन. 'व्यंजना'त 'वि' उपसर्ग आणि 'अञ्ज्' धातू आहे: उघड करणे. 'व्यक्त' हे त्याचेच भावंड. जेवणाची चव खुलवणारे ताटातले व्यंजनही त्याच कुळातले.

व्यंजन उघड काय करते, ते सुरतेतच ऐकावे. सुरती बोलीत 'स'चा 'ह' होतो. भाजीवाला 'सात'ला 'हात' म्हणतो आणि नंदुरबारहून नुकताच आलेला कामगार त्याच्या हाताकडे बघतो. 'आ' दोघांचाही एकच. घोळ घातला व्यंजनाने.

स्वर बदलला तरी 'सात'चे 'सूत' होतेच, असे कोणी म्हणेल. कबूल. मग गुजराती व्यापाऱ्यांची वाणियाशाई लिपी पाहा. तीत स्वरचिन्हे बहुधा गाळलेली असत. वाचताना कधी गफलत होई, तरी पेढ्यांचा हिशेब त्या व्यंजनांवर चाले. नुसते स्वर लिहून कोणी एक पान तरी जमाखर्च मांडून दाखवावा.

तेव्हा पाठ्यपुस्तकांनी व्याख्या बदलावी: श्वासाच्या वाटेत अडथळा होऊन जो वर्ण उमटतो, ते व्यंजन. ती तोंडातल्या क्रियेवर उभी आहे आणि 'श्श्'लाही लागू पडते.