पानं मोजा, मग भाव बोला

टाइम्स समूहाने मार्च १९६४मध्ये सुरू केलेलं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९९०मध्ये बंद पडलं. वेताळ, मॅन्ड्रेक आणि बहादूर यांचे ते अंक गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून हातोहात फिरले. ते वाचून वाढलेली मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि जुने अंक चांगला भाव देऊन शोधताहेत. विकणारा ‘कंडिशन एकदम मस्त’ म्हणतो, मुखपृष्ठही तसंच दिसतं. वाद होतो तो घरी जाऊन अंक उघडल्यावर.

अमेरिकेत अशा वादांवर तोडगा म्हणून अंकांना त्रयस्थाकडून गुण देण्याची पद्धत रुळली. २०००मध्ये सुरू झालेली सीजीसी ही कंपनी शुल्क घेऊन अंक तपासते, ०.५ ते १० या पट्टीवर गुण देते आणि तो प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करते. गुणांइतकाच लेबलचा रंगही बोलतो. निळं लेबल नेहमीच्या अंकाला, जांभळं दुरुस्ती केलेल्याला आणि हिरवं एखादा मोठा दोष वेगळा नोंदवून गुण दिलेल्याला. वुल्व्हरिनच्या पदार्पणामुळे महागलेल्या ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८१व्या अंकात (१९७४) वाचकांनी कापून जमवायचा एक छापील शिक्का होता. अनेकांनी तो कापला. असा अंक बाहेरून कोरा करकरीत दिसला तरी त्याचा भाव कोसळतो. दडलेला दोष नुसते गुण कमी करत नाही, तो अंकाची जातच बदलतो.

मुंबईतले दोष आपल्या सवयींतून आणि हवेतून आले आहेत. भाड्याने अंक देणारी वाचनालयं टिकाऊपणासाठी दहा-बारा अंक एकत्र बांधत. बाइंडर तिन्ही कडा मशीनवर सरळ कापून घेई. पुढे ते बाड सोडवून अंक सुटे विकले गेले. असा अंक नेटका दिसतो, पण त्याच मालिकेतल्या दुसऱ्या अंकावर ठेवला की दोन-तीन मिलिमीटरने आखूड भरतो. घडीजवळ दोऱ्याची भोकं आणि खळीचे डागही सापडतात.

दुसरा शत्रू पावसाळा. दमट हवेत पिना गंजतात, गंज कागद खातो आणि मधलं पान सुटतं. मग कुणीतरी नवी पिन मारतं. पिन चकचकीत आणि तिच्याभोवती तपकिरी डाग, असं दिसलं की पिन बदललेली आहे हे ओळखावं. ती बदलताना दुसऱ्या अंकातलं पान घुसवलेलं असू शकतं, म्हणून पृष्ठांक आणि कथेचा सलग ओघ दोन्ही पाहावेत. मुखपृष्ठावरचे उडालेले रंग स्केचपेनने भरले असतील, तर शाई बहुधा मागच्या बाजूला उमटते.

‘अमर चित्र कथे’त घोळ वेगळा. १९६७पासूनच्या या मालिकेतल्या लोकप्रिय पुस्तिका पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, त्यामुळे नंतरची प्रत पहिली आवृत्ती म्हणून खपवता येते. येथे प्रकाशकाचा पत्ता कामी येतो. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तो छापलेली प्रत त्याआधीची असू शकत नाही.

मग अमेरिकन पट्टी जशीच्या तशी उचलावी का? आमच्या मते घाई नको. हाताळून जीर्ण झालेल्या आपल्या बहुतेक अंकांना त्या पट्टीवर तळाचेच गुण मिळतील. तिथे एखाद्या गुणाच्या फरकापेक्षा आतलं पान शाबूत आहे का, हा प्रश्न मोठा ठरतो. शिवाय वाचनालयाचा शिक्का काही संग्राहकांना खुपतो, तर काहींना तोच हवा असतो. हा आवडीचा भाग झाला. कडा कापणं, पान गहाळ असणं आणि गुपचूप केलेली दुरुस्ती मात्र आवडीनिवडीवर सोडता येत नाही.

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. पानं मोजली का, पिना मूळच्या आहेत का, कडा कापल्या आहेत का, रंग किंवा खळ लावली आहे का, या चार प्रश्नांची उत्तरं विक्रेत्याने चिठ्ठीवर लिहून द्यावीत. ज्याला एखादं उत्तर ठाऊक नाही, त्याने तसं लिहावं. गिऱ्हाइकानेही अंक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून पाहायचा आग्रह धरावा. घासाघीस त्यानंतर.