दाबोळीचे युद्ध कोण सांगणार?

इंग्लंडात विमानांच्या संग्रहालयांतून दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींचे दिवस साजरे होतात. माणसे १९४० च्या दशकातले कपडे घालून येतात, त्या काळची गाणी लागतात, जुने स्पिटफायर डोक्यावरून घिरट्या घालते. आपल्यापैकी काहींना याचे हसू येईल. युद्ध ही काय हौसेने आठवायची गोष्ट? पण मला त्यात एक शहाणपण दिसते. तिथे विमानाबरोबर घरही आठवले जाते. काळे पडदे लावलेल्या खिडक्या, रेशनवर मोजून मिळणारी साखर, शहरांतून खेड्यांत पाठवलेली मुले.

आपल्याकडे काय आहे? बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. डिसेंबरातल्या एका रविवारी मुलाला घेऊन गेलो होतो. अंगणात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी विमाने उभी आहेत. यातल्या सी हॉक जातीच्या विमानांनी १९७१ साली 'विक्रांत'वरून उडून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. नौदलाने आपली कथा जपली आहे आणि ती पाहण्यासारखी आहे.

मी मात्र थबकलो ते तिथल्या सुपर कॉन्स्टेलेशनपुढे. हे विमान आधी एअर इंडियाचे होते, मग हवाई दलाचे आणि शेवटी नौदलाचे झाले. याच जातीचे एक पोर्तुगीज विमान १८ डिसेंबर १९६१ रोजी जवळच दाबोळीच्या विमानतळावर होते. त्या सकाळी हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बाँब टाकले. हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. आज जिथे आपण आजाऱ्याला घेऊन गोमेकॉत धावतो, तेच बांबोळी. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा उरलेला तुकडा कसाबसा वापरात आणला आणि अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन ते विमान अंधारात कराचीला निसटले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा शरण आला.

हे सगळे पुस्तकांत सापडते. पण त्या सकाळी चिखलीतल्या बाईने चूल पेटवली होती का? दाबोळीच्या पोरांना आईबापांनी कुठे लपवले? नाकेबंदीच्या वर्षांत हॉलंडचे बटाटे खाल्लेल्या घरांना उद्या बाजारात काय मिळणार याची धास्ती वाटली का? ज्यांचा मुलगा आग्वादच्या तुरुंगात होता, त्यांना ते बाँब सनईचौघड्यासारखे वाटले असतील. ज्यांचा मुलगा पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत होता, ते देवघरात बसले असतील. मुक्ती झाली हे आपले भाग्यच. तरी ही दोन्ही घरे गोव्याचीच, आणि दोन्हींची आठवण टिकली पाहिजे. एकीची लाज किंवा दुसरीची भीती वाटून आपण गप्प बसलो, तर मुलांच्या हाती फक्त तारखा उरतील.

वीस वर्षे कारकुनी करून मला एक कळले आहे. जे कागदावर नाही, ते दप्तराच्या लेखी घडलेलेच नसते. १९ डिसेंबरला आपण झेंडावंदन करतो, भाषणे ऐकतो आणि सुट्टी घेतो. मला वाटते, १८ डिसेंबर हा दिवस ऐकण्यासाठी ठेवावा. वास्को, चिखली, दाबोळीच्या म्हाताऱ्या माणसांना गावच्या वाचनालयात किंवा पंचायतीच्या सभागृहात बोलवावे. शाळेच्या मुलांनी समोर बसून त्यांचे बोलणे लिहून घ्यावे, मराठीत, कोंकणीत, ज्या भाषेत ते निघेल त्या भाषेत. विमानाची सहल त्यानंतर काढावी. तेव्हा मुलांना त्या लोखंडाचा अर्थ कळेल.

यासाठी सरकारी योजनेची वाट बघू नये. फाईल सरकायला किती वेळ लागतो हे मी वेगळे सांगायला नको. १९६१ साली दहा-बारा वर्षांची असलेली पोरे आज पंचाहत्तरीला आली आहेत. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.