आपण, आम्ही आणि नावु

आमच्या वहिनी धारवाडच्या. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मराठी त्यांना बऱ्यापैकी यायचं, पण 'आम्ही' आणि 'आपण' यांची गल्लत व्हायची. एकदा आईला म्हणाल्या, "आई, रविवारी आपण धारवाडला जाणार." आई बिचारी शनिवारी रात्रीच पिशवी भरून तयार! जाणार होते फक्त दादा आणि वहिनी.

चूक वहिनींची नव्हती. कन्नडमध्ये दोन्हींना एकच शब्द, 'नावु'. ऐकणाऱ्याला धरून बोलतोय की सोडून, हे 'नावु'त कळत नाही. एकदा 'आम्ही'चं 'नावु' झालं, की परत मराठीत आणताना 'आम्ही' करायचं की 'आपण', हे त्या शब्दात शिल्लकच नसतं. दोन्ही भाषा घरात नांदवणाऱ्या वाचकांना हे मी काय सांगणार?

ही जुनी गंमत मला 2023 च्या दिवाळीत आठवली, आणि तेव्हा मात्र हसू आलं नाही.

शहापुरात आप्पांचं किराणा दुकान होतं. आप्पा गेल्यावर कपाटात एक तांबडी वही सापडली. दुकानाच्या उधारीची ती नव्हे. नात्यातल्या कोणाला अडीनडीला किती पैसे दिले, त्याच्या नोंदी होत्या. काही मराठीत, काही कन्नडमध्ये. काही नोंदींपुढे 'मागायचे नाहीत' एवढंच लिहिलेलं. पानं सुटायला लागली होती, म्हणून मी वही स्कॅन केली आणि घरच्या जुन्या फोटोंबरोबर संगणकात ठेवली.

आमच्या संगणकावर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. दादा, वहिनी, पुतण्या आणि मी, प्रत्येकाचं खातं वेगळं. फोटोंचा फोल्डर मात्र सगळ्यांचा. त्यातल्या वहीच्या फायलींना मी 600 अशी परवानगी लावली होती. या तीन आकड्यांत पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. वाचायला 4, लिहायला 2, चालवायला 1, आणि जे द्यायचं त्याची बेरीज. 600 म्हणजे मालकाने वाचावं, लिहावं; बाकीच्यांना शून्य. वही माझ्यापुरती राहिली, असं समजून मी निर्धास्त होतो.

दिवाळीच्या आधी नवा संगणक घेतला. जुन्यातलं सगळं पेन ड्राइव्हवर ओढलं, तिथून नव्यात टाकलं. फायली मोजल्या, एकही कमी नाही. एकही फोटो बिघडला नाही, संगणकानेही तक्रार केली नाही. भाऊबिजेला आत्या मुला-सुनांसह फराळाला आली. पुतण्याने हौसेने टीव्हीवर जुने फोटो लावले. एकामागून एक फोटो सरकत होते, आणि मधेच वहीचं पान आलं. आत्याच्या यजमानांचं नाव, रक्कम, आणि पुढे 'मागायचे नाहीत'. पुतण्याने घाईने पुढे सरकवलं, तर दुसरं पान. आत्याच्या मुलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चकल्यांच्या ताटलीवरचे हात थांबले. आत्या काही न बोलता स्वयंपाकघरात गेली.

पुतण्याचा काही दोष नव्हता. त्याला ती पानं उघडता आली, कारण त्यांवर बंदीच उरली नव्हती. का उरली नव्हती, ते मी रात्री शोधत बसलो.

शेत कोणाचं, हे मातीत लिहिलेलं नसतं. ते पहाणीत असतं. तसंच फाइल कोणी उघडायची, हे फाइलीच्या आत नसतं. ज्या डिस्कवर ती असते, त्या डिस्कच्या नोंदवहीत असतं, आणि प्रत्येक पद्धतीची नोंदवही वेगळी. लिनक्सच्या एक्स्ट-4 मध्ये मालक, गट, इतर असे रकाने असतात. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये माणसागणिक लांबलचक यादी असते. पण पेन ड्राइव्हवर बहुधा असते एफएटी-32 किंवा एक्सफॅट, आणि तिच्यात मालकाचा रकानाच नाही! म्हणून लिनक्स तिथल्या सगळ्या फायलींवर सरसकट एकच परवानगी दाखवतं. माझ्या पेन ड्राइव्हवर ती 755 होती: मालकाला सगळं, इतरांना वाचायची आणि चालवायची मुभा. लग्नाचे फोटो असोत की आप्पांची वही, सगळ्यांना तेच. नव्या संगणकाने जे दिसलं ते उतरवून घेतलं. 'आम्ही'चं 'नावु' झालं, आणि परत येताना 'आपण' झालं.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादी तांबडी वही असेल. बँकेचे कागद असतील, दवाखान्याचे असतील. म्हणून मी जे उशिरा शिकलो ते सांगतो.

लिनक्समधून लिनक्समध्ये न्यायचं असेल, तर आधी 'टार'ने गाठोडं बांधावं. गाठोड्याच्या आत प्रत्येक फाइलीची परवानगी लिहिलेली असते. पेन ड्राइव्हला दिसते ती एकच मोठी फाइल. आतल्या रकान्यांशी तिला देणंघेणं नाही. सोडताना परवानग्या जशाच्या तशा ठेवण्याचा पी हा पर्याय द्यावा. एफएटी-32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, एवढं ध्यानात ठेवावं. दोन्ही संगणक एका नेटवर्कवर असतील, तर 1996 पासून चालत आलेलं 'आरसिंक' उत्तम. त्याला ए पर्याय दिला की परवानग्या आणि तारखा तशाच जातात. मालकही तोच राहावा असं वाटत असेल, तर ते काम रूट, म्हणजे मुख्य कारभाऱ्याच्या अधिकाराने करावं लागतं.

इथे आणखी एक खोच आहे. लिनक्स मालकाचं नाव नव्हे, नंबर लिहून ठेवतं. उबंटूत पहिलं खातं उघडणाऱ्याला 1000 हा नंबर मिळतो. जुन्या संगणकावर 1000 मी होतो. नव्यावर पहिलं खातं पुतण्याने उघडलं, म्हणजे 1000 तो! नुसते नंबर जुळवले असते, तर वहीचा मालकच पुतण्या झाला असता. म्हणून नेल्यावर मालकाचं नाव एकदा डोळ्यांनी बघावं.

लिनक्समधून विंडोजमध्ये, किंवा उलट, जाताना परवानग्या तंतोतंत उतरतील ही आशाच सोडावी. लिनक्समध्ये 'गेटएफएसीएल' ही आज्ञा सगळ्या फायलींच्या परवानग्यांची यादी करून देते. ती यादी जवळ ठेवावी. फायली विंडोजवारी करून परत लिनक्समध्ये आल्या, की 'सेटएफएसीएल' त्या यादीवरून परवानग्या पुन्हा लावतं. विंडोजमध्ये मात्र कोणाला काय दिसावं, हे नव्याने ठरवावं लागतं.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. परवानगी म्हणजे कुलूप नव्हे, दाराशी बसलेला राखणदार. घर बदललं की राखणदार मागे राहतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तर तिथला कारभारी सगळं वाचू शकतो. जे खरोखर झाकून ठेवायचं आहे, ते सेव्हन-झिपसारख्या साधनाने पासवर्ड घालून बंद करावं. ते कुलूप फाइलीबरोबर प्रवास करतं, मग विंडोज असो की लिनक्स. पासवर्ड मात्र विसरू नये. तिथे दुसरी किल्ली नसते.

हे सगळं नीट करून मी आठ दिवसांनी आत्याकडे गेलो. माफी मागितली. पेन ड्राइव्ह, 755, राखणदार, सगळं समजावून सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहा पुढे केला आणि म्हणाली, "तुझा आप्पा पैसे द्यायचा ना, तेव्हा आधी उठून दुकानाचं दार लोटून घ्यायचा. मग गल्ला उघडायचा. तेवढं तू विसरलास बघ."

चहा तसाच गार झाला. निघताना मी त्यांचं दार बाहेरून लोटून घेतलं.