अकस्मात मृत्यूच्या नोंदीतील मद्य

राजापूर तालुक्यातील नाटे हे मासेमारीवर जगणारे किनाऱ्यावरचे गाव असून, अशा गावात कोणी होडीवरून पडून, विहिरीत बुडून किंवा दुचाकी घसरून दगावल्यास पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात. त्यातला मद्याचा वाटा मात्र रक्त आणि व्हिसेरा, म्हणजे जठर, यकृत यांसारख्या अवयवांचे राखून ठेवलेले नमुने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासल्यावरच कळतो. तो अहवालही जपून वाचावा लागतो, कारण कुजू लागलेल्या देहात सूक्ष्मजीव स्वतःच अल्कोहोल तयार करतात. मोटार वाहन कायद्याने चालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. होडीवरचा तोल मात्र त्याहून कमी मद्यानेही जाऊ शकतो. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल या विषारी द्रव्याने भेसळलेल्या दारूने १०० हून अधिक बळी घेतले, त्याची देशभर चर्चा झाली. पण पडून डोक्याला मार लागलेल्याची ग्लानी ‘नशा’ समजली जाते आणि कवटीतील रक्तस्राव रात्रभर दुर्लक्षित राहतो, तेव्हा ओढवणारा मृत्यू सर्वांत क्लेशदायक, कारण तो बहुधा टाळता येतो. प्यायलेला माणूस पडला आणि हाकेला नीट ओ देत नसेल, तर त्याला झोपेवर न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे, अशी वाचकांना कळकळीची विनंती आहे.