रुळावर आलेला घरचा सर्व्हर

ब्रिटनमधील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फाउंडेशनने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी क्रेडिट कार्डाएवढा संगणक विक्रीस आणला, तेव्हा शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लावणे एवढाच त्यामागचा हेतू होता. किंमत होती अवघी ३५ डॉलर. आज त्याच जातीचे संगणक अनेक घरांत सर्व्हर म्हणून अहोरात्र राबत आहेत. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि दुसऱ्याच्या कोठारात ठेवलेल्या आठवणींचे भाडे कधीही सुरू होऊ शकते, हे सामान्य ग्राहकाला उमगले. आपली छायाचित्रे, आपली कागदपत्रे आपल्याच घरात असावीत, या इच्छेला तेव्हापासून व्यवहाराचे बळ मिळाले.

मात्र हौस वेगळी आणि व्यवस्था वेगळी. राउटरच्या मागे वायरींच्या गुंत्यात लोंबकळणाऱ्या बोर्डाला झाडू लागला, वीज तुटली आणि मेमरी कार्डावरील नोंदी बिघडल्या, की कुटुंबाचा दहा वर्षांचा ठेवा संकटात येतो. म्हणूनच हे बोर्ड रुळावर बसविण्याच्या पद्धतीकडे केवळ नीटनेटकेपणाची आवड म्हणून पाहता येणार नाही.

यातील एक रूळ बहुतेक शहरी घरांत आधीपासूनच आहे. वीजमंडलाच्या पेटीतील एमसीबी ज्या पट्टीवर अडकवलेले असतात, तीच डिन रेल. ३५ मिलिमीटर रुंदीची ही पट्टी मूळ जर्मन मानकातून आली आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक ठरली. बोर्डाच्या खोक्याला मागून क्लिप लावली की तो पट्टीवर बसतो आणि हवा तेव्हा निघतो. दुसरी पद्धत १९ इंची रॅकची. त्यातील एका घराची, म्हणजे एका ‘यू’ची, उंची ४४.४५ मिलिमीटर असते. रास्पबेरी पायचा बोर्ड ८५ बाय ५६ मिलिमीटरचा असल्याने तो उभा बसवायचा तर दोन ‘यू’ची जागा द्यावी लागते. छोट्या सदनिकांसाठी १० इंची रॅकही मिळतात.

अर्थात, रूळ तोच असला तरी एमसीबीच्या पेटीतच संगणक बसविणे धोक्याचे आहे. २३० व्होल्टच्या तारांशेजारी ५ व्होल्टच्या नाजूक बोर्डाला जागा देऊ नये. शिवाय पत्र्याची पेटी वायफायच्या लहरी अडवते आणि उष्णता कोंडते. तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करू लागतो. मे महिन्यात विदर्भात बंद कपाटात ठेवलेल्या सर्व्हरला ही मर्यादा दूर नसते. तेव्हा स्वतंत्र पट्टी, बोर्डांमध्ये मोकळी जागा आणि शक्य तेथे एकाच केबलमधून वीज व नेटवर्क देणारी ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ची सोय, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

खरा पेच आहे तो किमतीचा. २०२१ मध्ये चिपच्या जागतिक टंचाईमुळे हे बोर्ड दुर्मिळ झाले. उत्पादकाने तेव्हा उद्योगांच्या मागणीला अग्रक्रम दिला आणि हौशी ग्राहक ताटकळत राहिला. २०२४ च्या जूनमध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात दाखल झाली. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी चिप महागल्याचे कारण देत रास्पबेरी पाय ५ च्या ८ जीबी आवृत्तीची किंमत ८० वरून ९५ डॉलर करण्यात आली. मेमरी महागण्यामागे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या महाकाय डेटा सेंटरांची भूक होती. म्हणजे ज्यांच्या कोठारातून सुटका करून घेण्यासाठी घरचा सर्व्हर उभारायचा, त्यांच्याच खरेदीमुळे तो महागला. स्वावलंबनाची ही वाटही अखेर त्याच बाजारातून जाते.

या परिस्थितीत रुळाचे महत्त्व अधिकच वाढते. बोर्ड एका कंपनीचा असतो, पण मानक कोणा एकाच्या मालकीचे नसते. आज पट्टीवर रास्पबेरी पाय असेल, उद्या तेथे दुसऱ्या उत्पादकाचा बोर्ड किंवा जुना छोटा संगणक बसविता येईल. पट्टी, क्लिप आणि केबल बदलावी लागणार नाही. तथापि, रूळ धक्क्यापासून वाचवतो, डिस्क निकामी होण्यापासून नाही. म्हणून माहितीची दुसरी प्रत घराबाहेर कोठेतरी ठेवणे अपरिहार्यच. घरात सर्व्हर आणणे म्हणजे भाडेकरूने घरमालक होणे. भाडे वाचते, पण गळके छप्पर दुरुस्त करण्याची जबाबदारी मग इतर कोणावर टाकता येत नाही.