चित्राच्या दर्जाचे अर्थकारण

२४ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या तोंडावर, भारतात इंटरनेटवरून व्हिडिओ पुरविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन एक निर्णय जाहीर केला. मोबाइलच्या जाळ्यावरून पाहणाऱ्यांना १४ एप्रिलपर्यंत ४८० रेषांहून वरच्या दर्जाचे चित्र द्यायचे नाही, असा तो निर्णय होता. त्याच्या काही दिवस आधी युरोपीय आयोगाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने युरोपातील आपल्या प्रवाहाचा भार सुमारे २५ टक्क्यांनी उतरविला होता. जाळ्यांवर एकाएकी ताण आलेला होता आणि काटकसर आवश्यक होती, याविषयी वाद नाही. परंतु ज्या दर्जाला एरवी निव्वळ तंत्रज्ञांचा विषय मानले जाते, तो मुळात वाटपाचा प्रश्न आहे हे या निमित्ताने उघड झाले. टंचाईच्या वस्तूचे ते रेशनिंगच होते. फरक इतकाच की धान्याच्या रेशनिंगविषयी विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. येथे शिधा किती व कोणाला, हे विक्रेत्यांच्या बैठकीत ठरले. करमणुकीचा चित्रपट आणि दहावीचा गणिताचा पाठ यांत भेद करावा काय, हा प्रश्न त्या बैठकीपुढे असण्याचे कारणच नव्हते.

हे वाटप रोज, दर क्षणी चालू असते. व्हिडिओ प्रेक्षकाकडे सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी, मध्यम, उंची अशा अनेक दर्जांत तयार ठेवलेला असतो. प्रेक्षकाच्या यंत्रातील प्रणाली जाळ्याचा वेग आणि हाताशी असलेला साठा पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा हे ठरविते. उंची तुकडा मागविला आणि वेग पडला, तर चित्र थांबते व पडद्यावर चक्र फिरू लागते. हलका मागविला, तर चित्र चालू राहते पण फळ्यावरचे आकडे पुसट होतात. थांबणे बरे की पुसट होणे बरे, याचे एकच उत्तर नाही. नाच पाहणाऱ्याचे पुसटपणाने फारसे बिघडत नाही, समीकरण पाहणाऱ्याचे सारेच बिघडते. शिवाय खर्चाचा हिशोब आहेच. सेकंदाला ३ मेगाबिटचा प्रवाह तासाभरात सुमारे १.३५ जीबी माहिती खातो. ज्याच्या मोबाइलला दिवसाला दीड जीबी मिळते, त्याचा दिवस एका तासात जवळजवळ संपतो.

मग दर्जा मोजायचा कसा? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९७४ पासून यासाठी शिफारस केलेली पद्धत सरळ आहे. ठरावीक प्रकाशाच्या खोलीत माणसे बसवावीत, चित्रे दाखवावीत, आणि उत्कृष्टपासून निकृष्टपर्यंत पाच पायऱ्यांवर त्यांचे मत घ्यावे. माणसे बसविणे खर्चिक म्हणून गणिती मापे आली. मूळ चित्र आणि पोचलेले चित्र यांतील फरक बिंदूबिंदूने मोजणारे जुने माप डोळ्याच्या अनुभवाशी नीट जुळत नव्हते. २००४ साली झोऊ वांग, अ‍ॅलन बोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रातील रचनेच्या साम्यावर आधारलेले माप मांडले. २०१६ साली नेटफ्लिक्सने विद्यापीठांतील संशोधकांच्या साहाय्याने सिद्ध केलेले ‘व्हीमॅफ’ हे माप सर्वांसाठी खुले केले. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. विद्यापीठीय ज्ञान किती दूरवर उपयोगी पडते, याचे ते चांगले उदाहरण आहे. परंतु प्रत्येक मापात एक प्रेक्षक गृहीत असतो. व्हीमॅफच्या मूळ प्रतिमानातील प्रेक्षक मोठ्या दूरचित्रवाणी संचासमोर, पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसलेला आहे. मोबाइलसाठी वेगळे प्रतिमान पुढे आले. तेच चित्र लहान पडद्यावर डोळ्याला अधिक चांगले भासते, म्हणून त्यात गुणही अधिक पडतात. करमणुकीपुरते ते बरोबरच आहे. पण त्या लहान पडद्यावर फळ्यावरचा अपूर्णांक वाचता आला की नाही, हे त्या गुणांवरून कळत नाही.

प्रेक्षकाच्या वर्तनावरून दर्जा ओळखण्याची दुसरी पद्धत कंपन्यांना अधिक प्रिय आहे, आणि खरा पेच तिच्यात आहे. २०१२ साली एस. शुण्मुग कृष्णन आणि रमेश सीतारामन यांनी सुमारे ६७ लाख प्रेक्षक आणि २.३ कोटी वेळा पाहिले गेलेले व्हिडिओ यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चित्र सुरू होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला की प्रेक्षक सोडून जाऊ लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५.८ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत होतो. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मात्र समाजवाद्यांनी अधिक बारकाईने वाचावा असा आहे. ज्यांची जोडणी वेगवान, ते लवकर कंटाळतात. मोबाइलच्या मंद जोडणीवरचे प्रेक्षक अधिक काळ थांबून राहतात.

आता, सोडून जाणाऱ्यांची संख्या हेच असमाधानाचे माप मानले, तर या सोशिकपणाचा अर्थ काय लावला जाईल? जो थांबला तो समाधानी, असाच. पैसा आणि यंत्रे जेथे गिऱ्हाईक निसटण्याचा धोका आहे तेथे जातील, आणि ज्याला निसटून जाण्यास दुसरी जागाच नाही त्याच्या वाट्याला फिरते चक्र राहील. रेशनच्या दुकानापुढील रांग कोणी सोडत नाही, म्हणून आतला तांदूळ उत्तम असल्याचे कोणी म्हणत नाही. बाजाराचे अर्थशास्त्र निवडीवरून पसंती ओळखू पाहते. पण जेथे निवडच नाही तेथे ते गरजेलाच पसंती समजून बसते. ही चूक कोणा अभियंत्याच्या दुष्टपणातून होत नाही. मोजणाराच विकणारा असला की ती आपोआप होते.

हा सारा चैनीचा प्रश्न आहे, श्रमिकांच्या पक्षाने त्यात वेळ का घालवावा, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील अवघ्या सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. त्यानंतर दोनच वर्षांत शाळा पडद्यावर आली. ‘ई-संजीवनी’तून डॉक्टर रुग्णाला पडद्यावर तपासतो, त्वचेवरचा डाग त्याला दिसला पाहिजे. कर्णबधिर माणसे खुणांच्या भाषेत पडद्यावरून बोलतात. त्यांना चित्र किती रेखीव आहे यापेक्षा ते किती सलग आहे याचे महत्त्व अधिक असते, आणि त्यासाठी सेकंदाला सुमारे २० चित्रे तरी हवीत, हे दूरसंचार संघाच्या १९९९ च्या एका पुरवणीत नमूद आहे. चैनीचा म्हणून प्रश्न सोडून दिला, तर या सर्वांना सोडून द्यावे लागेल.

जाळ्याचे मालक आणि चित्राचे विक्रेते यांच्या भांडणात दर्जा ओलीस कसा धरला जातो, हे दक्षिण कोरियात दिसले. जाळ्याच्या वापराबद्दल व्हिडिओ कंपन्यांनी दूरसंचार कंपन्यांना मोबदला द्यावा, हा तेथील जुना वाद. ‘ट्विच’ या अमेरिकन सेवेने वाढत्या खर्चाचे कारण सांगून सप्टेंबर २०२२ मध्ये कोरियन प्रेक्षकांचा दर्जा ७२० रेषांवर आणला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये देशच सोडला. नेटफ्लिक्स व एसके ब्रॉडबँड यांनी २०२३ मध्ये आपले खटले आपसात मिटविले. भारतातही दूरसंचार कंपन्यांची संघटना असाच वाटा मागत आली आहे. दोन भांडवलदारांच्या या तंट्यात एका बाजूची तळी उचलण्याचा मोह पुरोगाम्यांना होतो, तो टाळलेला बरा. दोघांचाही खर्च शेवटी ग्राहकाकडूनच वसूल होणार आहे.

शासनाची मापे काय सांगतात? ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट पुरत. जानेवारी २०२३ पासून किमान २ मेगाबिट लागतात. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये काढलेल्या नियमांत विलंब, माहितीच्या पाकिटांची गळती, अस्थिरता यांच्या मर्यादा आहेत. ही प्रगतीच होय. पण ती मापे तारेची आहेत, चित्राची नव्हेत. चित्र सुरू होण्यास किती वेळ लागला, किती वेळा थांबले, कोणत्या दर्जाचे मिळाले, ही नोंद व्हिडिओ कंपन्यांकडे प्रत्येक प्रेक्षकामागे तयार असते. व्यक्तीची ओळख वगळून ती जिल्हावार जाहीर करण्याचे बंधन घालता येईल. व्यापारी गुपिताची सबब पुढे येईल. ती खाणमालकांनीही एके काळी पुढे केली होती.

सार्वजनिक मोजमाप अशक्य नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ‘पफर’ हा प्रकल्प चालवून सामान्य प्रेक्षकांना फुकट दूरचित्रवाणी दाखविली, निरनिराळ्या निवडपद्धती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून दिल्या आणि नोंदी खुल्या केल्या. प्रयोगशाळेत सरस ठरलेल्या काही नव्या पद्धती प्रत्यक्ष जाळ्यावर जुन्या, साध्या पद्धतीपुढे विशेष टिकल्या नाहीत, हे त्यांच्या २०२० च्या निबंधातून कळले. भारतालाही ही परंपरा परकी नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे शिक्षणाचे कार्यक्रम दाखविले गेले, तेव्हा इस्रोने तंत्रज्ञांच्या बरोबरीने समाजशास्त्रज्ञ नेमले होते. काहींनी गावांत मुक्काम करून कोण काय पाहतो, काय समजते, याच्या नोंदी केल्या. आज राज्यातील विद्यापीठांना व कृषी विद्यापीठांना हे काम देता येईल. निधीसाठी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून उभा राहिलेला सार्वत्रिक सेवा निधी आहे, ज्याचे नाव आता डिजिटल भारत निधी झाले आहे. केरळ सरकारने २०२३ मध्ये स्वतःचे केफोन जाळे सुरू करून गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे धोरण स्वीकारले. तेथे असे मोजमाप प्रथम सुरू होण्यास अडचण नसावी.

ट्राय कोणताही नियम करण्यापूर्वी चर्चापत्र काढून लेखी मते मागविते. २०१५ मध्ये इंटरनेटच्या समान वागणुकीच्या प्रश्नावर लक्षावधी नागरिकांनी पत्रे पाठविली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांना बंदी झाली. कामगार संघटना व किसान सभांची पत्रे अशा दप्तरात क्वचितच आढळतात. पुढील चर्चापत्र निघेल तेव्हा पक्षाच्या प्रत्येक जिल्हा शाखेने निदान दहा गावांच्या शाळांतून आठवडाभर नोंदी करून, पाठ किती वेळा थांबला आणि फळा वाचता आला की नाही, एवढे दोन रकाने भरून पाठवावेत. त्यासाठी घड्याळ, वही आणि एक शिक्षक पुरे.