किती आणे दुखतं?

आज १६ ऑक्टोबर, जागतिक भूल दिन. १८४६ साली याच तारखेला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला ईथरची वाफ हुंगवली आणि जॉन वॉरेन या ज्येष्ठ शल्यविशारदाने त्याच्या मानेवरच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. रोग्याला चारचौघांनी दाबून धरायचे आणि सर्जनने घाईघाईने हात उरकायचा, ही तोवरची रीत. ती त्या दिवसापासून मोडत गेली. भूलतज्ज्ञांची आठवण आपण एरवी काढत नाही. ऑपरेशन कोणी केले हे घरादाराला पाठ असते. भूल कोणी दिली हे विचारले तर सगळे एकमेकांकडे पाहतात. म्हणून आजचा दिवस त्यांचा आहे हे चांगलेच आहे. पण मला आज लिहायचे आहे ते थिएटरमधून बाहेर येऊन ओपीडीत बसलेल्या भूलतज्ज्ञांबद्दल. त्यांना आता वेदनातज्ज्ञ म्हणतात. बहुतेक ठिकाणी पाटीवर ‘पेन क्लिनिक’ लिहिलेले असते आणि बहुतेक रुग्ण तिथे फार उशिरा पोचतात.

या शाखेचा पाया ज्याने घातला तो पैलवान होता. जॉन बोनिका. जन्म १९१७ चा, सिसिलीजवळच्या फिलिकुडी नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. दहाएक वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडील लवकर गेले. पोराने वर्तमानपत्रे विकली, भाजी-फळे विकली आणि डॉक्टर व्हायचे ठरवल्यावर फीसाठी कुस्ती धरली. जत्रेतल्या आणि सर्कशीतल्या कुस्त्या, कधी चेहऱ्यावर मुखवटा चढवून, ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावाने. दिवसा वैद्यकाची पुस्तके, रात्री आखाडा. कोल्हापूरच्या तालमीत गेलेल्या कोणालाही पैलवानाचा कान पाहून त्याची उमेदवारी ओळखता येते. बोनिकाचे कानही तसेच चुरगळलेले होते. कान दिसत. बरगड्या, खांदे, खुबे यांचे जे झाले ते दिसत नव्हते. पुढे त्याच्या शरीरावर वीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि आयुष्याचा उत्तरार्ध त्याने दुखण्यासोबतच काढला. रुग्ण ‘दुखतंय’ म्हणाला की या डॉक्टरला पुरावा मागावासा वाटत नसे, याचे एक मूळ त्या आखाड्यात असावे असे मला वाटते.

दुसरे मूळ घरात. पत्नीच्या पहिल्या बाळंतपणात तिला दिलेली ईथरची भूल अंगावर आली. उलटी होऊन श्वास अडला, ती निळी पडू लागली. बोनिकाने धाव घेऊन तिचा श्वासमार्ग मोकळा केला म्हणून ती वाचली. प्रसूतीच्या कळा सुरक्षितपणे कमी करण्यासाठी पाठीतून द्यायच्या एपिड्युरल भुलीचा त्याने पुढे जो ध्यास घेतला, तो इथून.

आणि तिसरे मूळ युद्धात. १९४४ मध्ये, जेमतेम सत्तावीस वर्षांचा असताना, वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात त्याची नेमणूक झाली. पॅसिफिकच्या आघाडीवरून जखमी सैनिक येत होते. जखम भरलेली, टाके निघालेले, एक्स-रे स्वच्छ, आणि माणूस रात्रभर तळमळतो आहे. कापून टाकलेला पाय दुखतो म्हणणारेही होते. बोनिकाने पुस्तके धुंडाळली. दुखणे हे रोगाचे लक्षण, रोग गेला की तेही जाते, इतकेच बहुतेक ठिकाणी गृहीत धरलेले; जे दुखणे जात नाही त्याचे काय, यावर मोजक्या ओळी. त्याने मेंदूचे, हाडांचे, मनाचे डॉक्टर एकत्र बसवायला सुरुवात केली, एकाच रुग्णाबद्दल सगळ्यांनी बोलायचे. त्यातून १९५३ मध्ये ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा जाडजूड ग्रंथ आला. १९७३ मध्ये सिएटलजवळच्या इसाक्वा गावी त्याने जगभरचे वेदना-संशोधक बोलावले आणि त्या बैठकीतून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९९४ मध्ये बोनिका गेला. अनेक तज्ज्ञांनी मिळून एक रुग्ण पाहायचा, ही आजच्या पेन क्लिनिकची पद्धत त्याचीच.

हे सगळे मला काही आठवड्यांपूर्वी आठवत होते, कारण मी आमच्या आत्यांना घेऊन एका पेन क्लिनिकच्या बाकावर बसलो होतो. आत्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. पावसाळ्याच्या तोंडी त्यांना नागीण झाली. उजव्या बरगडीवर फोड उठले, सुकले, खपल्या पडल्या. आग मात्र राहिली. तीन महिने झाले होते. आधीच्या एका दवाखान्यात ‘कातडी तर छान झाली आहे, आता वयाप्रमाणे थोडं चालायचंच’ असे सांगून त्यांना परत पाठवले होते. घरी आल्यावर आत्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुखण्याबद्दल बोलणेच बंद केले. घरातल्यांना वाटले, बरे वाटत असेल.

पेन क्लिनिकची डॉक्टर तिशीतली होती. तिने फाइल बाजूला ठेवली आणि विचारले, “आजी, कसं दुखतं?” आत्या म्हणाल्या, “दुखत नाही गं, चुरचुरतं. भाजल्यावर पाणी लागावं तसं. मधूनच सणक येते. आणि पदर लागला तर बघायलाच नको.” तेव्हा माझ्या लक्षात आले की आत्यांचा पदर डाव्या हाताने पुढे धरलेला होता, बरगडीपासून चार बोटे लांब. तीन महिने त्या पदर असा धरून वावरत होत्या आणि आम्हा कोणाला ते दिसले नव्हते.

मराठीत दुखण्याला केवढे शब्द आहेत. कळ येते, सणक जाते, चमक भरते, उसण भरते, रग लागते. गळू ठुसठुसते, डोके ठणकते, पोटात मुरडा येतो, पायाला मुंग्या येतात, भाजलेली जागा हुळहुळते. हे शब्दवैभव म्हणून मिरवण्यासाठी सांगत नाही. वेदनातज्ज्ञासाठी हे निदान आहे. चुरचुर, आग, झिणझिण्या, विजेसारखी सणक असे रुग्ण म्हणाला की संशय मज्जातंतूवर जातो. ठणका, रग, अवघडलेपण म्हटले की स्नायू, सांधे, सूज यांच्याकडे. दोन्हींची औषधे वेगळी. रोनाल्ड मेल्झॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये रुग्णांच्या तोंडचे असेच शब्द गोळा करून, गटवार लावून मॅकगिल प्रश्नावली केली, ती आजही जगभर वापरतात. याच मेल्झॅकने पॅट्रिक वॉलबरोबर १९६५ मध्ये मांडले होते की पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असते आणि स्पर्शाच्या संवेदना ते फाटक लोटून वेदनेची वाट अडवू शकतात. पोर पडल्यावर आई चोळते, फुंकर घालते, ते उगाच नव्हे. आत्यांच्या बाबतीत नेमके हेच फाटक बिघडले होते. स्पर्शच वेदना होऊन आत जात होता.

मग डॉक्टरने विचारले, “शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर किती?” आत्या गोंधळल्या. डॉक्टरने लगेच प्रश्न बदलला: “रुपयात किती आणे दुखतं?” आत्या क्षणात म्हणाल्या, “चौदा आणे.” मी त्या मुलीकडे पाहत राहिलो. हे कोणत्याच पुस्तकात नसते. जुन्या पिढीच्या रुग्णांसमोर बसून बसून ते येते.

तिने अर्धा तास दिला. झोप किती लागते, कोणत्या कुशीवर, जेवण जाते का, देवळात जाता का. एक छोटी गोळी लिहून दिली आणि आम्हाला बजावले, “ही गोळी जास्त डोसमध्ये नैराश्यावर वापरतात. मेडिकलवाला म्हणेल, इंटरनेटवर वाचाल, घाबरून बंद करू नका. कमी डोसमध्ये ती मज्जातंतूंची आग शमवते. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतील.” हे सांगायला तिला दोन मिनिटे लागली असतील. ती दोन मिनिटे न मिळाल्याने किती घरांत ही औषधे चौथ्या दिवशी कपाटात जातात, आणि त्यांच्या जागी न विचारता आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहून जठर आणि मूत्रपिंडे बिघडवतात. गोळ्यांनी भागले नाही तर सोनोग्राफीत पाहत बरगडीच्या मज्जातंतूपाशी सुई नेऊन औषध सोडता येते, हेही तिने सांगितले. सुई नंतर, आधी औषध, असे म्हणाली. मला ते फार आवडले.

बोनिकाच्या बैठकीतून उभ्या राहिलेल्या त्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांत म्हटले की माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्याचा मान राखला पाहिजे, आणि ज्याला बोलता येत नाही त्यालाही वेदना असू शकते. आत्या गप्प होत्या त्या दिवसांना ही टीप लागू आहे. घरातल्या आम्हालाही.

याच्या पलीकडचे एक दुखणे आहे, कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातले. मुंबईत बांद्र्याला १९८६ मध्ये शांति अवेदना हे देशातले पहिले हॉस्पिस उभे राहिले. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. आपल्या मध्य प्रदेशात, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि त्या कायद्याच्या धाकाने इथल्याच रुग्णाला त्याच अफूपासून बनणारे, असे दुखणे शमवणारे मॉर्फिन मिळेनासे झाले. २०१४ मध्ये कायदा सुधारला, परवान्यांची साखळी सुटसुटीत झाली. तरी मॉर्फिनची गोळी आजही सगळीकडे सहज मिळत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी वेदना ओपीडी हवी. तिथे मॉर्फिन हवे, प्रशिक्षित भूलतज्ज्ञ हवा, आणि एका रुग्णाला अर्धा तास देण्याची मुभा हवी. ही मागणी आज करायची नाही तर केव्हा करायची?

त्या दिवशी क्लिनिकमधून निघताना मी आत्यांचा केस पेपर पाहिला. औषधांची नावे, तपासणी, सगळे इंग्रजीत. वरच्या कोपऱ्यात मात्र देवनागरीत, घाईच्या अक्षरात तीन ओळी: चुरचुर, सणक. पदर सहन होत नाही. १४ आणे.

परवा दुसऱ्यांदा गेलो. डॉक्टरने त्याखाली लिहिले: ९ आणे. आत्या म्हणाल्या, नऊ नको, साडेनऊ लिही. तिने खोडून साडेनऊ लिहिले.